ढोल दारात, व्याख्यान मंचावर

दिवाळीची सुट्टी सरून महाविद्यालयांचे दुसरे सत्र सुरू झाले की सूचनाफलकांना बहर येतो. युवक महोत्सवाच्या तालमी, स्नेहसंमेलन, थोरांच्या नावाने चालणाऱ्या व्याख्यानमाला, परिसंवाद, काव्यवाचन अशा कार्यक्रमांची भित्तिपत्रके एकावर एक चिकटतात, आणि त्यांच्या तळाशी बहुधा एक ओळ ठरलेली असते : 'सर्वांना प्रवेश मुक्त आहे.' ही ओळ छापताना तिचा फारसा विचार कोणी करीत नसावे. नंदुरबार जिल्ह्यात मात्र तो करणे अगत्याचे आहे. हे 'सर्व' म्हणजे नेमके कोण, कार्यक्रमाच्या वेळी ते कोठे असतात, आणि त्यांना खरोखर कोणी बोलावले आहे काय, या तीन प्रश्नांची उत्तरे दिल्यावाचून ती ओळ केवळ सौजन्याची राहते.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर जनगणनेत आहे. २०११ च्या गणनेनुसार या जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ४८ हजारांच्या घरात होती आणि तिच्यातील सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे होते. भिल्ल, पावरा, मावची, कोकणा अशा अनेक समाजांचा हा मुलूख. म्हणजे येथे 'सर्व' हा शब्द उच्चारताच डोळ्यांपुढे प्रथम सातपुड्यातील पाडा उभा राहिला पाहिजे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अधिक कठोर आहे. ज्या महिन्यांत व्याख्यानमालांचा हंगाम असतो, त्याच महिन्यांत धडगाव, अक्कलकुवा, तळोदा या भागांतील असंख्य कुटुंबे मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीसाठी गुजरातेत गेलेली असतात. दिवाळी आटोपली की ती निघतात आणि होळीच्या सुमारास परततात. ती परततात तेव्हा महाविद्यालयांना परीक्षांचे वेध लागलेले असतात आणि सभागृहांना कुलपे पडत असतात. जनता गावात नसताना सार्वजनिक व्याख्याने होतात आणि ती गावात आली की व्याख्याने संपतात, हा योगायोग वर्षानुवर्षे चालू आहे, आणि त्यात कोणाला काही विपरीत वाटत नाही.

तिसऱ्या प्रश्नाचे, म्हणजे बोलावण्याचे, उत्तर शोधण्यासाठी समारंभाचे नेहमीचे चित्र आठवावे. प्रमुख पाहुण्यांची मोटार प्रवेशद्वाराशी येते. तेथे मोरपिसांचे टोप घातलेले, कमरेला घुंगरू बांधलेले आदिवासी तरुण ढोलाच्या तालावर नाचत त्यांचे स्वागत करतात. छायाचित्रे निघतात. पाहुणे सभागृहात जातात, दीपप्रज्वलन होते, प्रास्ताविक होते, शाल-श्रीफळ होते. आणि मग आदिवासी संस्कृतीच्या महत्त्वावर व्याख्यान सुरू होते. ढोल वाजविणारे तेव्हा बाहेर झाडाखाली आपल्या परतीच्या गाडीची वाट पाहत असतात. यात कोणाचा अपमान करण्याचा हेतू नसतो हे आम्ही जाणतो. परंतु हेतू नसताना जे घडते तेच रूढी होऊन बसते, आणि ढोलाची जागा दारात व व्याख्यानाची जागा मंचावर ही वाटणी आता रूढ झाली आहे. तिचा फेरविचार करण्याची वेळ आली आहे, हेच या लेखाचे सांगणे आहे.

वहारू सोनवणे हे याच भागातील कवी. १९७० नंतरच्या शहादा परिसरातील आदिवासी चळवळीत ते घडले. 'गोधड' हा त्यांचा कवितासंग्रह मराठी वाचकांस परिचित आहे. त्यांच्या एका कवितेचे नावच 'स्टेज' असे आहे. आदिवासींच्या दुःखाविषयी मंचावरून इतरांनी बोलावे आणि ज्यांचे दुःख त्यांनी खाली बसून ते ऐकावे, हा त्या कवितेचा विषय. ती लिहिली गेली त्याला कित्येक वर्षे लोटली. तिचा विषय अजून शिळा झालेला नाही, ही कवीच्या दृष्टीने गौरवाची गोष्ट असेल. विद्यापीठाच्या दृष्टीने ती तशी नाही.

येथे विद्यापीठाचा इतिहास थोडा ध्यानात घ्यावा लागतो. खानदेशातील महाविद्यालये दीर्घकाळ पुणे विद्यापीठाशी जोडलेली होती. तीन-चारशे किलोमीटरांवरचे विद्यापीठ म्हणजे येथील विद्यार्थ्याला परीक्षेचा क्रमांक आणि पदवीचा कागद, याहून अधिक काही नव्हते. म्हणून १५ ऑगस्ट १९९० रोजी जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा ज्ञान आता जवळ आले अशी भावना सर्वत्र होती. पुढे १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला आणि शासनही जवळ आले. परंतु 'जवळ' हा शब्द सापेक्ष आहे. नंदुरबारच्या माणसाला जळगाव पुण्याहून जवळ वाटेल. तोरणमाळच्या किंवा नर्मदाकाठच्या मुलाला मात्र त्याचे तालुक्याचे गावही दूरच आहे. घाट उतरून आलेला तो विद्यार्थी सायंकाळच्या व्याख्यानाला थांबला तर त्याची शेवटची एस. टी. चुकते. ज्या व्याख्यानासाठी मुक्काम करावा लागतो आणि मुक्कामाला जागा नसते, ते व्याख्यान त्याच्यासाठी झालेच नाही असे समजावे.

विद्यापीठ काहीच करीत नाही असा याचा अर्थ कोणी काढू नये. 'युवारंग' या नावाने भरणारा त्याचा युवक महोत्सव हा तिन्ही जिल्ह्यांतील विद्यार्थ्यांचा आनंदाचा ठेवा आहे. खेड्यातील मुलगी त्या निमित्ताने प्रथमच प्रकाशझोतात उभी राहते, आपल्याच आवाजाची ओळख तिला होते. हे मोल कशानेही मोजता येणार नाही. नंदुरबारला विद्यापीठाची आदिवासी अकादमीही आहे. २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमाने विद्यार्थी विकासाची आणि आजीवन अध्ययन व विस्ताराची स्वतंत्र मंडळे विद्यापीठांना दिली आहेत. यंत्रणा आहे, कायदा आहे, माणसेही आहेत. उणीव आहे ती दिशेची. आजवर कार्यक्रम विद्यापीठाकडून जिल्ह्याकडे वाहत आले आहेत. जिल्ह्याकडून विद्यापीठाकडे काही यावे, अशी वाट आपण बांधलीच नाही.

युवक महोत्सवांचेच उदाहरण घेऊ. देशभरातील विद्यापीठांच्या महोत्सवांत संगीत, नृत्य, साहित्य, नाट्य आणि ललित कला असे पाच विभाग असतात. त्यांतील समूहनृत्यात लोकनृत्य किंवा आदिवासी नृत्य सादर करायचे, आणि त्यासाठी वेळ मिळतो फार तर दहा मिनिटांचा. स्पर्धेला नियम हवेतच; त्याविषयी तक्रार नाही. पण ज्याने अक्कलकुवा तालुक्यातील काठी या गावची राजवाडी होळी पाहिली आहे, त्याला या दहा मिनिटांचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. तेथे दूरदूरच्या पाड्यांतून माणसे पायी येतात. नवस केलेले बावा कित्येक दिवस व्रत पाळून, अंगावर राखेचे ठिपके रेखून, कमरेला भोपळे व घुंगरू बांधून उतरतात. मोठमोठे ढोल रात्रभर घुमतात, आणि होळी पेटते ती पहाटे. त्या नाचात सराव केलेला नट नसतो की परीक्षक नसतो. तो नाच पाहण्यासाठी नसून फेडण्यासाठी असतो. त्याचे दहा मिनिटांचे रूप मंचावर आले की वेषभूषा येते, पदन्यास येतो. व्रत मागे राहते, रात्र मागे राहते, गावही मागे राहते. विद्यार्थी पारितोषिक मिळवितो आणि नकळत असे शिकतो की आपली कला म्हणजे पाहुण्यांना दाखविण्याची एक वस्तू आहे. ही शिकवण आपण त्याला देऊ इच्छितो काय?

आता व्याख्यानांकडे वळू. महाराष्ट्राला व्याख्यानांची परंपरा मोठी आहे. न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती १८७५ साली. पुणे विद्यापीठाच्या बहिःशाल शिक्षण मंडळाने ज्ञानाला महाविद्यालयाच्या भिंतीबाहेर नेण्याचे काम केले. परंतु व्याख्यान कसे असावे याचा सर्वांत मोठा धडा शोधण्यासाठी पुण्याला जाण्याचे कारण नाही. तो आपल्याच शेजारी, धुळ्यात घडला. आणि तोही तुरुंगात. १९३२ साली धुळ्याच्या कारागृहात विनोबांनी सहकारी बंद्यांपुढे गीतेवर प्रवचने केली. २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत अठरा रविवार, अठरा अध्याय. मंच नव्हता, ध्वनिक्षेपक नव्हता, निमंत्रणपत्रिका नव्हती. श्रोत्यांत साने गुरुजी होते आणि त्यांनी ती प्रवचने लिहून घेतली. पुढे 'गीता प्रवचने' या नावाने ती देशातील अनेक भाषांत गेली. विनोबांची वाणी थोर होतीच. पण गुरुजींची लेखणी तेथे नसती तर ती वाणी त्या भिंतींतच विरली असती. व्याख्यानाचे अर्धे श्रेय श्रोत्याचे असते, हे त्या घटनेने कायमचे दाखवून दिले आहे.

याच प्रदेशातील दुसरी गोष्ट तर विद्यापीठाच्या नावातच कोरलेली आहे. २०१८ साली उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या नावाआधी कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव आले. आसोद्याला १८८० साली जन्मलेल्या, शेतात राबणाऱ्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. जात्यावर, मोटेवर, मळ्यात त्यांना जे सुचे ते त्या आपल्या बोलीत म्हणत. त्यांच्या पुत्राने, सोपानदेवांनी, आणि घरातील आप्तांनी ते टिपून ठेवले. १९५१ मध्ये त्या गेल्या. पुढच्याच वर्षी आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह त्यांची गाणी प्रसिद्ध झाली आणि मराठी वाचक थक्क झाला. निरक्षर स्त्रीचे नाव धारण करणारी विद्यापीठे जगात फार नसतील. हे नाव शोभेसाठी घेतले नसेल, तर त्यातून एक कर्तव्य निघते. आज सातपुड्याच्या कुठल्याशा पाड्यावर कोणी वृद्धा रात्रभर पुरेल इतकी गाणी, कथा, वंशावळी तोंडपाठ घेऊन बसली असेल, तर तिच्यापाशी वही घेऊन बसणारा कोणीतरी विद्यापीठाने पाठविला पाहिजे. बहिणाबाईंना सोपानदेव लाभले. ज्यांच्या घरी सोपानदेव नाही, त्यांच्यासाठी विद्यापीठ असते.

हे काम सावकाशीने करण्याचे नाही. २०११ च्या जनगणनेत भिली गटातील भाषा बोलणारे १ कोटी ४ लाखांहून अधिक लोक नोंदले गेले. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोकणी, सिंधी, मणिपुरी, बोडो या भाषांपैकी कोणत्याही भाषेच्या भाषकांहून ही संख्या कितीतरी मोठी आहे. तरीही भिलीला त्या अनुसूचीत स्थान नाही. एवढ्या संख्येची भाषा नष्ट कशी होईल, असे कोणी म्हणेल. भाषा एकदम नष्ट होत नाही; प्रथम ती शाळेत बोलायची लाज वाटू लागते, मग बाजारात, मग घरात. सरदार सरोवराच्या पाण्याने या जिल्ह्यातील नर्मदाकाठची गावे विस्थापित केली. माणसे वसाहतींत विखुरली, आणि ज्या नदीच्या, डोंगरांच्या नावांवर गाणी रचलेली होती ती नावे नव्या गावी निरर्थक झाली. अशा वेळी पावरी किंवा भिली बोलीत एखादे व्याख्यान विद्यापीठाच्या सभागृहात व्हावे, त्याचे मराठीत भाषांतर करणारा विद्यार्थी शेजारी उभा असावा, ही गोष्ट वरवर लहान दिसेल. परंतु पहिल्या बाकावर बसलेल्या पावरा मुलाच्या मनात त्या एका तासात जे घडेल ते वर्षभराच्या तासिकांनी घडणार नाही. आपल्या आजोबांची भाषा विद्यापीठात चालते, तिच्यातून शंका विचारता येते, तिचे भाषांतर करावे लागते म्हणजे तिच्यात काहीतरी आहे, हे त्याला उमगेल.

यावर एक आक्षेप नेहमी येतो : 'आम्ही कार्यक्रम करतो, पण श्रोतेच येत नाहीत.' हा आक्षेप प्रामाणिक असेल, पण तो इतिहासाला धरून नाही. १९३७-३८ च्या सुमारास तळोद्याजवळ मोरवड-रंजनपूर येथे संत गुलाम महाराजांच्या आरतीसाठी सातपुड्यातून आदिवासींचे लोंढे पायी येत. व्यसन सोडा, स्वच्छ राहा, एकमेकांना 'आप' म्हणून मान द्या, असा तो उपदेश होता. त्यांना कोणी सक्तीने आणले नव्हते आणि हजेरीही कोणी घेतली नव्हती. काठीच्या होळीला आजही माणूस अंतर मोजत नाही; सारंगखेड्याच्या यात्रेची गोष्ट तीच. या जिल्ह्यातील माणूस ऐकायला आणि पाहायला वाटेल तितके चालतो. आपल्या कार्यक्रमाला तो चालत येत नसेल, तर दोष त्याच्या पायांचा नाही.

उलट आपल्याकडे घडते ते असे. व्याख्याता ठरतो आयत्या वेळी, पत्रिका पोचते कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी, कधी वरातीमागून घोडे यावे तशी दुसऱ्या दिवशी. सभागृह भरलेले दिसावे म्हणून प्रथम वर्षाच्या वर्गातील मुले उठवून आणली जातात. पाऊण तास सत्कारात जातो, आणि प्रश्नोत्तरांची वेळ येते तेव्हा 'वेळेअभावी' हा शब्द उच्चारला जातो. मूल्यांकन समितीपुढे ठेवण्यासाठी छायाचित्रे व अहवाल तयार होतात, आणि विषय मिटतो. हे वाचताना आमचे प्राध्यापक वाचक मनातल्या मनात हसतील, आणि मग थोडे खिन्नही होतील. कारण हे त्यांना आमच्याहून अधिक ठाऊक आहे. रिक्त पदे, परीक्षांचा भार, कागदपत्रांची न संपणारी मागणी यांत तेच भरडले जात आहेत. त्यांच्यावर आणखी एक ओझे टाकावे असा आमचा हेतू नाही. जे करावेच लागते ते अर्थपूर्ण कसे करता येईल, एवढाच प्रश्न आहे.

म्हणून काही साध्या सूचना. विद्यापीठाने व महाविद्यालयांनी वर्षाच्या आरंभीच कार्यक्रमांचे एकत्र पत्रक काढावे आणि ते ग्रामपंचायत, आश्रमशाळा, बसस्थानक, आठवड्याचा बाजार येथे लागेल अशी व्यवस्था करावी. प्रत्येक तालुक्यात निदान एक कार्यक्रम होळीच्या आगेमागे, स्थलांतरित माणसे घरी असताना ठेवावा. परीक्षेचे वेळापत्रक याआड येते असे म्हणणाऱ्यांनी कार्यक्रमासाठी विद्यार्थ्यांहून अधिक गाव हवा आहे हे लक्षात घ्यावे. वेळ शेवटच्या एस. टी.कडे पाहून ठरवावी. व्याख्यानमालेत पाच व्याख्याने असतील तर त्यांतील दोन जिल्ह्यातील जाणत्यांची असावीत : ढोल घडविणारा, वनौषधी जाणणारा, वंशावळी सांगणारा, ऊसतोडीचे अर्थशास्त्र स्वतःच्या पाठीवर शिकलेला. त्यांना बोलायला संकोच वाटेल तर एखाद्या प्राध्यापकाने शेजारी बसून प्रश्न विचारावेत. आणि त्यांना बाहेरच्या व्याख्यात्याइतकेच मानधन द्यावे. ते किती द्यायचे याविषयी कार्यालयात दोन वेगळे दर नसावेत.

कलाकार गावातून बोलाविला तर त्याला दारात उभे करू नये. त्याचा कार्यक्रम हाच मुख्य कार्यक्रम असावा, त्याला पुरेसा वेळ मिळावा, आणि तो काय करतो आहे, का करतो आहे, हे त्याच्याच तोंडून ऐकावे. त्याहून बरे हे की वर्षातून एकदा विद्यार्थ्यांनीच त्याच्या गावी जावे, ढोल ऐकावा, आणि न नाचता, न चित्रित करता, आधी थोडा वेळ नुसते बसावे. शेवटची सूचना सर्वांत महत्त्वाची आहे : जे बोलले जाईल, गायले जाईल, ते ध्वनिमुद्रित व्हावे, लिहिले जावे, सांगणाऱ्याच्या नावानिशी आदिवासी अकादमीत जपले जावे, आणि त्याची एक प्रत त्याच्या गावच्या शाळेत जावी. नव्या शैक्षणिक धोरणापासून 'भारतीय ज्ञान परंपरा' हा शब्द अभ्यासक्रमांतून वारंवार ऐकू येतो. ती परंपरा केवळ पोथ्यांत शोधायची, की जी अजून जिवंत माणसांच्या तोंडी आहे तिच्याकडेही वळायचे, याचा निर्णय नंदुरबारसारख्या जिल्ह्यात अपरिहार्यपणे करावा लागेल.

यांपैकी कोणत्याही सूचनेला मोठा निधी लागत नाही. शाली, पुष्पगुच्छ, फलक आणि पाहुण्यांचा प्रवास यांवर जे खर्च होते त्यातील काही भागातही हे निभेल. लागते ती थोडी चिकाटी : कारकुनाने वेळेवर पाठविलेले पत्र, प्राध्यापकाने पाड्यावर घालविलेली एक संध्याकाळ, विद्यार्थ्याने भरलेली एक वही. धुळ्याच्या तुरुंगात एका शिक्षकापाशी यापेक्षा अधिक साधने नव्हती.

ऊस तोडून परतलेला बाप फाल्गुनात आपल्या मुलाच्या महाविद्यालयाच्या फाटकाशी उभा आहे, आत त्याच्याच बोलीत कोणीतरी बोलत आहे, आणि दारावरचा शिपाई त्याला 'आत या, जागा आहे' असे म्हणत आहे. एवढे दृश्य या जिल्ह्यात एकदा जरी घडले, तरी भित्तिपत्रकाच्या तळाशी असलेली ती ओळ खरी ठरेल. येत्या हंगामाची पत्रके अजून छापून व्हायची आहेत. ती ओळ पुन्हा छापण्यापूर्वी संबंधितांनी हा विचार अवश्य करावा.